एपीत पाच आले, आता कुठला कोर्स सोडायचा?

जुलै उजाडला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळाच सीझन चालू होतो. गणपतीच्या ढोलताशाच्या प्रॅक्टिसचे मेसेज बाजूला पडतात आणि एपीचे निकाल येतात. कोणाला सगळे पाच, कोणाला पाच-पाच-चार, मग अंगठे, मग फुलं, मग "वहिनी पार्टी कधी". खरा प्रश्न येतो चारेक दिवसांनी, आणि तो ग्रुपवर नाही, पर्सनलवर येतो. "अरे ते क्रेडिट घेऊ दे का रे पोराला? म्हणजे कॅल्क टू सोडून एकदम कॅल्क थ्री झेपेल का?" गेल्या वर्षी आमच्याच घरात हा प्रश्न होता, लेक इंजिनिअरिंगला गेली, त्यामुळे यंदा लोक मला विचारतायत. प्रत्येकाला तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडक्यात. इथे शाळेतच, शेवटच्या दोन-तीन वर्षांत, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे कोर्स घेता येतात, त्यांना एपी म्हणतात. मे महिन्यात कॉलेज बोर्ड नावाची संस्था सगळीकडे एकच परीक्षा घेते, मार्क १ ते ५ मध्ये, निकाल जुलैत. चांगला स्कोअर असेल तर कॉलेज म्हणतं, ठीक आहे, हा कोर्स तुझा झाला असं धरू, यालाच क्रेडिट मिळणं म्हणतात (कॉलेजात प्रत्येक कोर्सचं वजन क्रेडिटमध्येच मोजतात). गणितात कॅलक्युलस एबी म्हणजे साधारण कॉलेजचं एक सेमिस्टर (कॅल्क वन) आणि बीसी म्हणजे दोन (कॅल्क वन आणि टू), कॅल्क थ्री म्हणजे त्याच्या पुढचं मल्टिव्हेरिएबल. फिजिक्सचे वेगवेगळे प्रकार, त्यातलं फिजिक्स सी हे कॅलक्युलसवालं, त्याच्याही दोन परीक्षा, मेकॅनिक्स वेगळी आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम वेगळी. शिवाय केमिस्ट्री, बायो, स्टॅट्स, कॉम्प्युटर सायन्स, जे मागाल ते.

ही सगळी भानगड १९५० च्या दशकातली. तेव्हा तक्रार अशी होती की चांगल्या शाळांतली हुशार पोरं कॉलेजात येतात आणि पहिल्या वर्षी शाळेतलंच पुन्हा शिकत बसतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि तीन नामांकित खाजगी शाळांनी मिळून यावर एक अभ्यास केला, फोर्ड फाउंडेशनने पैसा दिला, केनियन कॉलेजच्या अध्यक्षांनी दुसरा एक प्रयोग पुढे रेटला, आणि १९५६ च्या मे महिन्यात कॉलेज बोर्डाने पहिल्या परीक्षा घेतल्या. म्हणजे मूळ मुद्दा काय तर येतंय ते परत शिकायला लावू नका. लवकर पास आऊट व्हा, पैसे वाचवा, शेजाऱ्यापेक्षा एक वर्ष पुढे जा, हे सगळं नंतर चिकटलेलं. आपल्या लोकांनी तर जरा जास्तच चिकटवून घेतलंय.

पैशाचा मुद्दा आला की मी लोकांना आधी एकच विचारतो, फी कशी आकारतात ते बघितलंय का? बऱ्याच कॉलेजांत फुल टाईमची फी फ्लॅट असते, सेमिस्टरला बारा क्रेडिटचे कोर्स घ्या नाहीतर अठराचे, बिल तेवढंच. म्हणजे एपीचे तीस क्रेडिट खिशात असले तरी पोरगं आठ सेमिस्टर तिथेच राहिलं तर एक डॉलर वाचत नाही, पूर्ण सेमिस्टर कमी झालं तरच वाचतात. आणि इंजिनिअरिंगमध्ये ते अवघड आहे कारण पुढच्या कोर्सची साखळी असते, सर्किट्स झाल्याशिवाय सिग्नल्स नाही, सिग्नल्स झाल्याशिवाय कम्युनिकेशन नाही, आणि त्यातले काही कोर्स वर्षातून एकदाच असतात, मग ते तीस क्रेडिट जातात कुठे तर इलेक्टिव्हच्या रकान्यात, ट्रान्सक्रिप्टवर शोभेला. एक फायदा मात्र खरा आहे. बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटीत क्रेडिट जास्त असले की रजिस्ट्रेशनला नंबर आधी लागतो, आणि सकाळी आठचा क्लास टाळता येतो, ज्याची किंमत अठरा वर्षांच्या पोराला विचारा!

आता माझं म्हणणं. क्रेडिट मिळालं म्हणजे ते वापरायलाच हवं असं नाही, पंगतीत वाढलं म्हणून सगळं संपवायलाच हवं असं थोडंच असतं. आणि "घ्यायचं की नाही" हा सगळ्या विषयांना मिळून एक प्रश्न नाहीच, तो प्रत्येक कोर्सला वेगळा विचारायचा. विचारायचं काय तर या कोर्सच्या डोक्यावर पुढे काय उभं राहणार आहे? काहीच नसेल तर क्रेडिट घ्या आणि मागे वळून बघू नका. पुढची तीन वर्षं त्याच्यावर उभी राहणार असतील तर मग स्कोअर काय आलाय यापेक्षा आतून किती पक्कं आहे ते बघायचं, आणि तिथे पाचातल्या पाचावर भरवसा ठेवायचा नाही.

हे मला कुठल्या वेबसाईटवर वाचून कळलेलं नाही. मी डिप्लोमावाला. कराडला डिप्लोमा आणि मग पुण्यात डायरेक्ट सेकंड इयर. महाराष्ट्रात ज्यांनी हे केलंय किंवा वर्गात अशी पोरं बघितलीत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. डिप्लोमावाल्यांना पहिलं वर्ष माफ. वर्कशॉपमध्ये, लॅबमध्ये आम्ही राजे, बारावीवाली पोरं सोल्डरिंग गन कुठून धरायची ते आम्हाला विचारायची. आणि मग यायचं एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर. लाप्लास, फुरिये, झेड ट्रान्सफॉर्म, व्हेक्टर कॅलक्युलस. एम-वन, एम-टू आमच्या मार्कशीटवर नव्हतंच, डिप्लोमाचं गणित होतं, पण ते सूत्र पाठ करून उदाहरण सोडवायचं गणित. सर फळ्यावर "हे तुम्ही फर्स्ट इयरला केलंय" म्हणून तीन ओळी गाळायचे आणि नेमक्या त्या तीन ओळी आमच्याकडे नसायच्या. कोणी आम्हाला फसवलं नव्हतं, आम्ही मठ्ठ पण नव्हतो, नियमानुसार आम्ही सेकंड इयरला बसायला पात्र होतो. पात्र असणं वेगळं आणि पुढच्या सरांनी गाळलेल्या तीन ओळी मनात भरता येणं वेगळं. त्या सेमिस्टरला होस्टेलवर एम-थ्रीत नापास होऊन केटी लागलेल्या डिप्लोमावाल्यांची एक अख्खी खोली होती, आणि ती खोली मजेत असायची असं आता वाटतं, तेव्हा तसं काही वाटत नव्हतं.

तर लेकीचे निकाल आले, बीसीत ५, केमिस्ट्रीत ५, फिजिक्स सी मेकॅनिक्समध्ये ५ आणि ई-अँड-एममध्ये ४. ओरिएंटेशनच्या आधी तिच्या कॉलेजच्या साईटवर बघितलं तर सगळ्याला क्रेडिट. ती म्हणाली, "बाबा, मी सगळं घेते, मला फर्स्ट इयरलाच सेकंड इयरचे कोर्स मिळतील." बायको म्हणाली, "काही नको, सगळं परत घे, ए मिळतील, जीपीए तरी वर राहील." दोघींचंही म्हणणं चुकीचं नाही. एपीच्या क्रेडिटला ग्रेड नसते, जीपीएत ते धरत नाहीत, त्यामुळे येत असलेला कोर्स परत घेऊन ए कमवायचा हा विचार इथे बरेच जण करतात, पुढे मेडिकलला जायचं असेल तर जास्तच. पण त्यात एक गोम आहे. कॅल्क टूच्या वर्गात बसलेली बरीच पोरं बीसी करूनच आलेली असतात आणि तीही तोच विचार करून आलेली असतात, त्यामुळे कर्व्ह असला, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ग्रेड देत असले, तर तो त्यांच्याच हिशेबाने लागतो. आणि पहिले सहा आठवडे सगळं येतंय म्हणून पोरं क्लासला जाणं सोडतात, सातव्या आठवड्यात नवीन काहीतरी सुरू होतं आणि ते कधी सुरू झालं हेच कळत नाही.

५ म्हणजे किती येतं, हेही बघायला हवं. बीसीचा पेपर सव्वातीन तासांचा, ४५ ऑब्जेक्टिव्ह आणि ६ मोठे प्रश्न. कॉलेज बोर्डाने जे जुने पेपर मार्कांच्या स्केलसकट बाहेर काढलेत त्यात ६०-६५ टक्क्यांच्या आसपास मिळाले तरी ५ पडायचे. आपल्याकडे बारावीला गणितात पासष्ट मिळाले तर घरात दोन दिवस कोणी नीट जेवत नाही! बीसी देणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त पोरांना ५ मिळतात, अर्थात ती परीक्षा देणारी पोरंच निवडक असतात हेही खरं. मुद्दा एवढाच की पाच मिळालेल्या दोन पोरांमध्ये केवढं तरी अंतर असू शकतं आणि ते त्या आकड्यावरून कळत नाही.

कशावरून कळतं? तिच्या कॉलेजच्या मॅथ डिपार्टमेंटने कॅल्क टूचे जुने फायनल पेपर साईटवर ठेवलेले होते (बऱ्याच ठिकाणी असतात, शोधा). मी एक प्रिंट काढला आणि रविवारी सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, पुस्तक नाही, कॅलक्युलेटर नाही, बघू. सीरिजचे प्रश्न तिने चटचट उडवले, टेलर सीरिजमध्ये तर पुढच्या टर्मवरून एरर किती येईल ते पण लिहिलं. मग आलं एक इंटिग्रल, वर्गमुळात नऊ वजा एक्सचा वर्ग, शून्यापासून दीडपर्यंत. इथे ती थांबली. हे ट्रिग सब्स्टिट्यूशनने सुटतं आणि ट्रिग सब्स्टिट्यूशन बीसीच्या परीक्षेत नाही, बऱ्याच कॉलेजांच्या कॅल्क टूमध्ये मात्र असतं. (तसंच शेल मेथडचं, आणि पार्शल फ्रॅक्शनच्या जरा अवघड प्रकारांचं. लिमिटची एप्सिलॉन-डेल्टावाली व्याख्यापण एपीत नाही.) मी काही बोललो नाही. पाचेक मिनिटं ती पेनाचं टोपण चावत बसली, मग तिने तीन त्रिज्येचं वर्तुळ काढलं, दीडवर उभी रेघ मारली, म्हणाली, हे म्हणजे तीस अंशाचा एक सेक्टर आणि त्याच्याखाली एक त्रिकोण. तीन पाय छेद चार, अधिक नऊ रूट तीन छेद आठ. बरोबर!

ज्या पोरीला पद्धत माहीत नसताना चित्र काढून उत्तर सापडतं तिला कॅल्क थ्रीत बसायला हरकत नाही असं माझं तिथल्या तिथे ठरलं. ट्रिग सब्स्टिट्यूशन दोन संध्याकाळींत शिकता येतं, ते तिने ऑगस्टमध्ये शिकून घेतलंही. कुठल्या ओळी गाळलेल्या आहेत ते माहीत असलं की त्या भरता येतात, आम्हाला एम-थ्रीत ते माहीतच नव्हतं.

मग फिजिक्स. मेकॅनिक्सचं असंच झालं, पक्कं होतं. ई-अँड-एमला मी गॉसचा नियम विचारला, चार्जवरून त्याचं विद्युत क्षेत्र काढायचा. तिने गोल केला, सिलिंडर केला, अनंत पसरलेली प्लेट केली, अगदी छान. मी म्हटलं, आणि चार्ज असा वेडावाकडा पसरलेला असेल तर? ती म्हणाली, "दे वोन्ट आस्क दॅट." मग स्वतःच हसली. शाळेत ई-अँड-एम शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत उरकलेलं होतं, मे महिना डोक्यावर, सरांचा पण नाईलाज. फ्लक्स, म्हणजे पृष्ठभागातून किती क्षेत्र आरपार जातं ते, तिच्या लेखी ई गुणिले ए, विद्युत क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ, कारण ज्या तीन केस येतात त्यात ते तेवढंच होतं. खरं फ्लक्स म्हणजे सरफेस इंटिग्रल, आणि ते शिकवतात कॅल्क थ्रीत, म्हणजे नेमकं त्याच सेमिस्टरला जे ती घेणार होती. शिवाय तिला जायचंय इलेक्ट्रिकलला, तिच्या पुढच्या अर्ध्या कोर्सच्या खाली हाच विषय. चारवर क्रेडिट मिळत होतं, आम्ही ते घेतलं नाही. यावर घरात वाद झाला, तिचं म्हणणं "पण ते फुकट मिळतंय", आणि मला तरी त्याला खोडून काढणारं उत्तर सुचलं नाही, मी फक्त सिलॅबसच्या दोन पीडीएफ शेजारी शेजारी उघडून दिल्या, कॅल्क थ्रीचा शेवटचा महिना आणि फिजिक्सचा, आणि खाली चहा करायला गेलो. दोन्हीकडे तेच तेच येत होतं. निर्णय तिने घेतला, रागावून, पण घेतला.

केमिस्ट्रीला पाच मिनिटं पण लागली नाहीत. इलेक्ट्रिकलवालीला पुढे केमिस्ट्री नाही, क्रेडिट घेतलं, संपलं. हेच माझ्या मेहुणीच्या मुलाच्या बाबतीत एकदम उलटं आहे, तो प्रीमेड, म्हणजे डिग्रीनंतर मेडिकलला जाणारा. बऱ्याच मेडिकल स्कूल्सना प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी झालाच पाहिजे असा कोर्स) म्हणून एपीचं क्रेडिट चालत नाही, किंवा चालतं पण त्याच विषयातला वरचा कोर्स करून दाखवा म्हणतात, आणि प्रत्येक स्कूलचा नियम वेगळा. त्याच्या केमिस्ट्रीच्या डोक्यावर ऑरगॅनिक उभं आहे, त्याच्यावर बायोकेम. शिवाय लॅब. एपी केमिस्ट्रीचं क्रेडिट देताना काही कॉलेजं शाळेतली लॅबची वही दाखवा म्हणतात, म्हणून ती रद्दीत घालू नका, निदान पहिलं सेमिस्टर तरी. त्याने जनरल केमिस्ट्री परत घेतली आणि माझ्या मते बरोबर केलं. त्याचा स्कोअर पण ५ च होता.

कॉलेजांचे नियम म्हणजे एक वेगळीच करमणूक आहे. आमच्या शेजारच्या रटगर्समध्ये बीसीत ४ किंवा ५ असतील तर गणिताचे १५१ आणि १५२, म्हणजे कॅल्क वन आणि टू, झाले असं धरतात आणि पोरगं सरळ २५१ ला, म्हणजे मल्टिव्हेरिएबलला बसू शकतं. ऑस्टिनला टेक्सास युनिव्हर्सिटीत क्रेडिट आपोआप लागत नाही, विद्यार्थ्याने स्वतः क्लेम करायचं, मला ही पद्धत फार आवडली, कारण त्यात विचार करायला जागा आहे. एमआयटी बीसीतल्या ५ ला १८.०१ (त्यांचं पहिलं कॅलक्युलस) देतं, पण फिजिक्सचं ८.०१ (मेकॅनिक्स) हवं तर सी च्या दोन्ही परीक्षांत ५ पाहिजेत, आणि केमिस्ट्रीला काहीच देत नाही. तिथे अजून एक सोय आहे, १८.०१ए म्हणून, शाळेत कॅलक्युलस झालेल्यांसाठी अर्ध्या सेमिस्टरमध्ये तेवढं भराभर उजळणी करून पुढे जायचं. म्हणजे पूर्ण सोडणं आणि पूर्ण परत करणं यांच्या मधलं. अशी मधली वाट सगळीकडे असायला पाहिजे असं मला राहून राहून वाटतं, आमच्या एम-थ्रीच्या आधी कोणी सहा आठवडे असे दिले असते तर ती होस्टेलची खोली रिकामी राहिली असती.

आणि कॅलटेक तर एपीचं क्रेडिटच देत नाही. तिथे पहिल्या वर्षीचं कॅलक्युलस प्रूफवालं, शाळेत दोन वर्षं कॅलक्युलस केलेली पोरंसुद्धा पहिल्या महिन्यात भांबावतात. एकच नाव, विषय दुसराच. असा कोर्स तुमच्या कॉलेजात ऑनर्स म्हणून असेल तर बीसीत ५ असूनही तो घेणं म्हणजे परत तेच करणं नाही, हे पालकांच्या डोक्यात शिरत नाही, कारण कागदावर "कॅलक्युलस वन" असंच दिसतं आणि मग मंडळात सांगायचं काय? आमच्याकडे एका कार्यक्रमात वडापावच्या रांगेत दोन बाबा लोक आपापली पोरं किती कोर्स पुढे आहेत हे सांगत होते, रांग पुढे सरकली तरी हे दोघे तिथेच. गणिताचं खरं वेड असलेला पोरगा मात्र बरेचदा मागेच बसलेला दिसतो, मुद्दाम, अवघड वर्गात.

अजून एक गोष्ट जी कुठल्याच चार्टवर नसते. पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गात पोरं पोरांना भेटतात. लेक कॅल्क थ्रीत गेली तर तिथे सगळी सेकंड इयरची, त्यांचे होमवर्कचे ग्रुप आधीच ठरलेले, पहिला महिना ती एकटीच लायब्ररीत. मैत्रिणी मिळाल्या त्या फिजिक्सच्या वर्गात, त्याच ई-अँड-एमच्या, जिथे तिच्यासारखीच अजून चार-पाच फर्स्ट इयरची पोरं होती आणि लॅबला तिघांचा ग्रुप पाडायचे. मी हे आधी हेरलं होतं असं काही नाही, बरं झालं इतकंच. आणि एवढं सगळं ठरवूनही चुकलंय असं वाटलं तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत ॲड-ड्रॉप असतं, कोर्स बदलता येतो, फक्त ती तारीख बघून ठेवा आणि ॲडव्हायजरला आधी विचारा, कारण काही ठिकाणी तोच कोर्स परत घेतला की एपीचं क्रेडिट जातं.

इंग्लिश, हिस्टरी, सायकॉलॉजी वगैरेचे जे स्कोअर असतील त्यांच्याबद्दल मला कोणी विचारू नका, चालत असतील तर घेऊन टाका. आणि ज्यांची पोरं पुढच्या वर्षी या लायनीत आहेत त्यांच्यासाठी: दरवर्षी एका कॉलेजला स्कोअर फुकट पाठवता येतो पण त्याची मुदत २० जून, म्हणजे निकाल लागायच्या आधी. आमच्याकडून ती तारीख ग्रॅज्युएशन पार्टीच्या गडबडीत जवळजवळ हुकलीच होती. नंतर पाठवायचं म्हटलं तर पैसे पडतात.